तिसरा पलंग

ताईला ऑफिसात कुणी ताई म्हणत नाही. तिथे ती तक्रारवाल्या बाई. एका लिफ्ट कंपनीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या टेबलाशी ती बसते. टेबलावर दोन फोन. एकावर गिऱ्हाईक ओरडतं, दुसऱ्यावर मेकॅनिक.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेला गृहस्थ ओरडतो, "ताबडतोब माणूस पाठवा, नाहीतर तुमच्या मालकाला याच डब्यात कोंडतो!" ताई दुसरा फोन उचलते आणि मेकॅनिकला सांगते, "त्यांना जरा घाई आहे." मेकॅनिक म्हणतो, "त्या म्हाताऱ्याला सांगा, मला काय पंख फुटलेत?" ताई पहिल्या फोनवर सांगते, "निघालेत ते, साहेब." कंपनी लिफ्टच्या दोरांवर नाही, या बाईच्या जिभेवर चालते, असं मालकसुद्धा खासगीत कबूल करतात. पगारवाढीच्या वेळी मात्र विसरतात, पण घरोघरी मातीच्या चुली, तो विषय नको.

हे तिला कुणी शिकवलं नाही. नोकरीला लागली तेव्हाच ती तयार होऊन आली होती, कारण घरी तिला अकराव्या वर्षापासून हेच काम होतं.

झालं असं की, त्या वर्षी बाबांनी आईचं शिवणयंत्र आईला न विचारता स्वतःच्या बहिणीला देऊन टाकलं. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, "आजपासून माझ्याशी एक शब्दही बोलू नका!" आता असं कुठली बायको म्हणत नाही? आणि असं म्हटल्यावर काय करायचं हेही सगळ्या नवऱ्यांना ठाऊक असतं. दोन दिवस जाऊ द्यायचे, तिसऱ्या दिवशी घसा खाकरायचा आणि चहा मागायचा. मिटलं. पण बाबांची हयात गेली इमारतींचे नकाशे काढण्यात. कागदावर जी रेघ आहे तीच भिंत, असा त्यांचा हिशोब. बोलू नका म्हणजे बोलायचं नाही. पडत्या फळाची आज्ञा मानून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

आईही काही कमी नव्हती. ती म्हणाली, बघू किती दिवस टिकतो हा तोरा. बघता बघता मुलीचे केस पिकायला लागले.

बाकी संसाराला काडीचाही धक्का नव्हता. एका टेबलावर जेवण, एका खोलीत झोप. बाबा बाजारातून सामान आणत, आई ते नीट लावून ठेवी. एकाला ताप आला तर दुसऱ्याने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्यात, मुकाट्याने. फक्त बोलणं जे असेल ते ताईच्या मार्फत. ताई ऑफिसला गेली की दिवसभराचं बोलणं साठायचं. संध्याकाळी ती दारात बूट काढायला वाकली की स्वयंपाकघरातून एक सुरू व्हायचं आणि बाहेरच्या खोलीतून दुसरं.

धाकटा भाऊ तेव्हा अगदी लहान होता. त्याला वाटे, सगळ्या घरांत असंच बोलतात. पुढे त्याचं लग्न झालं तेव्हा नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलतात हे त्याला कळलं. पहिले काही महिने त्याला तो उद्धटपणा वाटायचा.

पण खरी गोम पुढेच आहे. ताई निरोप जसाच्या तसा कधी पोचवायचीच नाही. बाबा म्हणायचे, "आईला विचार, हे जेवण आहे का औषध?" ताई स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, "आई, बाबांना आज मीठ किंचित कमी वाटतंय." आई कडाडायची, "त्यांना म्हणावं, जमत असेल तर स्वतः करा आणि गिळा!" ताई बाहेर येऊन म्हणायची, "उद्या बघते म्हणाली." अकरा वर्षांच्या पोरीने साखर पेरायला सुरुवात केली ती पेरतच राहिली. त्यामुळे बाबांच्या मते त्यांची बायको वयानुसार गरीब गाय झाली होती, आणि आईच्या मते नवऱ्याचा स्वभाव चक्क निवळला होता. निदान ताईची तरी तशी समजूत होती.

एवढं काम अंगावर असल्यावर माणूस कुठे जाणार? एक स्थळ चांगलं होतं, पण मुलाचं गाव लांब. ते गेलं. मग कंपनीने दुसऱ्या शहरात शाखा काढली. मालक म्हणाले, तुम्ही तिकडे प्रमुख म्हणून जा, स्वतःची खोली मिळेल, जिन्याखाली बसायला नको. ताई म्हणाली, आईबाबांकडे बघणारं कुणी नाही. मालकांनी आपुलकीने विचारलं, अंथरुणाला खिळलेत का? ताई म्हणाली, नाही, दोघं ठणठणीत आहेत. मालक तिच्याकडे बघत राहिले. यंदा त्यांनी परत विचारलं आणि वर म्हणाले, सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवतो. ताईने घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. एका मैत्रिणीशी फोनवर बोलली, तेही गॅलरीत उभं राहून, हळू आवाजात.

त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, त्यांना आठ दिवस मोठ्या जहाजातून समुद्रावर फिरवून आणायचं. "तिकिटं माझ्याकडून. केबिन तेवढी तू निवड, ताई. तुला त्यांचं सगळं कळतं."

"दोघंच?" ताईने विचारलं.

"मग काय, वरात न्यायची?" धाकटा म्हणाला आणि हसला. ताई हसली नाही. आठ दिवस, एवढीशी खोली, आणि मध्ये कुणी नाही. पहिल्याच सकाळी बाबा काहीतरी तिरकं बोलणार, नाहीतर आई तोंडाचा तोफखाना सोडणार, आणि त्यातला एकही शब्द गाळून घ्यायला ती तिथे असणार नाही. गरीब गाय शिंगं काढणार, निवळलेला स्वभाव ढवळणार. दोघं परत येणार ती दोन वेगळ्या बोटींनी, या वयात! तिला ते अगदी डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रवास कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या माणसाला सगळे कॅप्टन म्हणत. त्याच्या टायवर नांगर होते आणि तो आयुष्यात कधी जहाजावर चढला नव्हता. त्याला होडीतसुद्धा मळमळतं, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगितलं. त्याने जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला.

ताईने घरून दोघांच्या मागण्या गोळा करून आणल्या होत्या. बाबा म्हणाले होते, "खिडकी हवी. समुद्र दिसत नसेल तर अडगळीच्या खोलीत झोपायला काय वाईट आहे?" आई म्हणाली होती, "खिडकी नको. चोवीस तास ते पाणी बघत बसायला मी काय मासा आहे? त्यांना बसव वर शिडावर." बाबांना वरचा मजला, आईला खालचा, कारण वर जास्त हलतं असं शेजारणीने सांगितलेलं. बाबांच्या गुडघ्यांमुळे न्हाणीघराला उंबरा नको. आईला रात्री उठावं लागतं म्हणून दोन पलंगांमध्ये चालायला वाट हवी.

"सगळं जमेल," कॅप्टन म्हणाला. "जहाजाच्या मधोमध घेऊ, तिथे कमी हलतं. लिफ्टजवळ हवी का?"

"लिफ्टजवळ नको," ताई म्हणाली. "लिफ्टचं मला सांगू नका." मग तिने आवाज खाली आणला. "तिघांची मिळेल?"

कॅप्टनने बोट फिरवत फिरवत एक चौकोन शोधला. तिघांची होती. तिसरा पलंग छतात दुमडलेला असतो, रात्री खाली ओढायचा. "दिवसा दिसतसुद्धा नाही," तो म्हणाला. ताईला हे पसंत पडलं. दिवसा न दिसण्याची तिला सवय होती. दोघांच्या डोक्यावर मधोमध लोंबकळत आठ रात्री काढायच्या, याचंही तिला काही वाटलं नाही.

"पण एकदा काका-काकूंना दाखवून घ्या," कॅप्टन म्हणाला. "मागच्या हॉलमध्ये आम्ही नमुन्याची केबिन उभी केली आहे. हुबेहूब."

शनिवारी ताई दोघांना घेऊन गेली. बाबांनी खिशात मोजमापाची टेप घेतली होती. निवृत्त झाल्यापासून ते टेपशिवाय बाहेर पडत नाहीत. डॉक्टरांच्या खोलीचंसुद्धा माप त्यांच्याकडे आहे.

केबिन खरोखरच हुबेहूब होती, म्हणजे दिसायला. खिडकीत समुद्राचा फोटो. नळाला पाणी नाही. दोन पलंग, मध्ये वाट, भिंतीला टेकलेलं एक टेबल आणि वर छतातून अर्धवट खाली आलेला तिसरा पलंग. तिघं आत शिरले आणि वळायलाही जागा उरली नाही. ताईचं डोकं तिसऱ्या पलंगावर आपटलं.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा," कॅप्टन म्हणाला. "त्यांना आरामात बघू दे."

ताई म्हणाली, नको, मी थांबते. पण बाबांनी टेप काढली होती आणि ताई त्यांच्या कोपराखाली येत होती. एक पाऊल मागे सरकली ती उंबऱ्याबाहेरच. दार आपल्या आपण बंद झालं. खट्.

"बघा, किती सुरेख लागतं," कॅप्टन म्हणाला. "जहाजावर असंच असतं. कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही."

"मग लावा कार्ड."

कॅप्टनने खिसे चाचपले. कार्ड दुसऱ्या कारकुनाकडे होतं. कारकून चहाला गेला होता.

"आतून उघडेल ना?" ताईने विचारलं.

"जहाजावर उघडतं," कॅप्टन म्हणाला. "इथली आतली मूठ शोभेची आहे. चिकटवलेली."

तो कारकुनाला शोधायला धावला. ताई दाराला कान लावून उभी राहिली. काही ऐकू येईना. तिने तळहाताने दार ठोकलं, "आई! बाबा! बोलू नका, घाबरू नका, मी आहे!" काही नाही. नंतर कॅप्टनने अभिमानाने सांगितलं की भिंतींत खास अस्तर आहे, शेजारच्या केबिनमध्ये बँड वाजला तरी कळत नाही. ताईला त्या अस्तरासकट कॅप्टनला समुद्रात बुडवावंसं वाटलं.

ती तिथे उभी होती तेवढ्या वेळात तिच्या मनात काय काय येऊन गेलं! आई घाबरली असणार. बाबा चिडले असणार. म्हणाले असणार, तुझ्यामुळेच आलो इथे. मग ती काय ऐकून घेणार आहे? शिवणयंत्र निघालं असेल एव्हाना. शब्दाने शब्द वाढत जातो, आणि यांच्याकडे तर कितीतरी वर्षांचे शब्द शिल्लक. आयुष्यभर जपलेलं भांडं आपल्या एका पावलाने फुटलं, असं तिला वाटलं. हॉलमधून जाणारी दोन माणसं थांबून तिच्याकडे बघायला लागली, कारण ती रडत होती. तिला ते कळलंच नव्हतं.

कारकून आला. कार्ड लागलं. दार उघडलं.

आई पलंगावर चढून उभी होती, टेपचं एक टोक छताला लावून. दुसरं टोक बाबांच्या हातात, जमिनीशी.

"वाकडं धरलंयस!" बाबा ओरडले. "डोळे आहेत का बटणं?"

"तुमचीच मान वाकडी!" आई वरून म्हणाली. "आकडा वाचा आधी. अक्षरओळख आहे ना?"

ताई झटकन पुढे झाली. कारकून, कॅप्टन, रडणं, सगळं विसरली. "आई, बाबांना म्हणायचंय की जरासं डावीकडे..."

"कळलं मला काय म्हणायचंय ते," आई म्हणाली. "बटणं म्हणाले."

ताई थांबली. बाबांनी आकडा वाचला, आईने टोक सोडलं, टेप सर्रकन गुंडाळली गेली. बाबांनी हात पुढे केला, आई तो धरून पलंगावरून उतरली. कॅप्टन आणि कारकून यांना यात बघण्यासारखं काय आहे ते कळेना. म्हातारा-म्हातारी माप घेत होती, एवढंच.

"तुम्ही बोलताय," ताई म्हणाली.

"ती म्हणाली, दार अडकलंय, आता तरी बोला," बाबा म्हणाले. "म्हणून बोललो. मी म्हटलं, टेपचं टोक धर."

"म्हणजे तिने सांगितलं असतं तर आधीच बोलला असतात?"

"अर्थात. तिने बोलू नका सांगितलं होतं. बोला असं मध्ये कधी सांगितलंच नाही."

"आणि मी का म्हणून सांगू?" आई म्हणाली. "यंत्र माझं गेलं होतं."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. मग एकदाचं तिने सांगून टाकलं, कारण आता लपवून उपयोग नव्हता, ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? म्हणाली, तुम्ही दोघं जहाजावर जाल आणि एकमेकांचं खरं बोलणं ऐकाल, तेव्हा धक्का बसेल. बाबा जे म्हणतात ते मी आईला तसं सांगत नाही. आई जे म्हणते ते तर अजिबातच सांगत नाही. पहिल्यापासून.

आईबाबांनी एकमेकांकडे बघितलं.

"अगं, आपलं घर केवढं?" आई म्हणाली. "मध्ये एक भिंत, तीही यांनीच नकाशात बारीक काढलेली. यांचं बोलणं मला पहिल्यांदा यांच्याच तोंडून ऐकू यायचं. मग तू आत यायचीस आणि तुझ्या भाषेत सांगायचीस. मी तुझं धरून चालायचे."

"मीही," बाबा म्हणाले. "गिळा, ते ऐकलं होतं. पण तू उद्याचं सांगितलंस."

ताईला राग आला. साधासुधा नाही, भयंकर. तिला वाटलं, यांना विचारावं, मग मी काय केलं इतकी वर्षं? ते लांबच्या गावचं स्थळ, ती स्वतःची खोली, ते सगळं मी कशासाठी सोडलं, भिंतीपलीकडे आधीच पोचलेले निरोप परत पोचवायला? पण दिवसभर दुसऱ्यांचं बोलणाऱ्या बाईला स्वतःचं वाक्य कुठून सुरू करायचं तेच सुचेना.

कॅप्टनने घसा साफ केला. "मग ही तिघांचीच नक्की करायची ना, मॅडम?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "तिसरा पलंग पूर्ण खाली आला की खालच्यांना उठून बसता येत नाही. मी मोजलंय. माप बसत नाही."

"माप राहू द्या," आई म्हणाली आणि ताईच्या शेजारी बसली. "तू येऊ नकोस, बाळा. दोघांचीच घे. खिडकी असू दे, पडदा माझ्या बाजूने ओढता आला म्हणजे झालं, तेवढं आम्ही ठरवलंय. आणि सोमवारी तुझ्या साहेबांना हो म्हणून सांग."

"तुला कुणी सांगितलं?" ताईने विचारलं.

"गॅलरीची भिंत त्याहून बारीक आहे," बाबा म्हणाले.

मग दोघांची केबिन ठरली. जहाजाच्या मधोमध, मधल्या मजल्यावर, खिडकी, जाड पडदा, उंबरा नसलेलं न्हाणीघर, लिफ्टपासून लांब. कॅप्टनने प्रवाशांची नावं लिहून घेतली आणि सवयीने तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली. त्याने ती ओळ खोडली.

तिघं बाहेर पडले तेव्हा वारा सुटला होता. बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर नेहमीप्रमाणे ताई मध्ये बसली, एका बाजूला आई, एका बाजूला बाबा.

"थंडी वाजते का गं?" बाबांनी विचारलं.

"वाजली तर काय करणार आहात?" आई म्हणाली. "शेकोटी पेटवणार इथे?"

ताई बाबांकडे वळली. "बाबा, आई म्हणते, थोडी वाजतेय."

बाबा उभे राहून कोट काढत होते.

"ऐकलं मी," ते म्हणाले.